लघुग्रह ढकलायचाय? आधी कालुगाच्या मास्तरांचं गणित बघा

कर्बल स्पेस प्रोग्राम हा गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी एक खूळ शिरतं. चंद्रावर उतरून झालं, स्पेस स्टेशन बांधून झालं, आता एखादा लघुग्रह ओढून आणू. २०१४ साली या गेमचा नासाबरोबर मिळून केलेला एक अपडेट आला, तेव्हापासून ही सोय झाली आहे. यानाच्या नाकावर एक पंजा बसवायचा, लघुग्रहाच्या जवळ हळूच जायचं, पंजा रुतवायचा आणि इंजिन चालू करायचं. लघुग्रहांचे ए ते ई असे वर्ग आहेत. ए म्हणजे काही टनांचा दगड, ई म्हणजे हजारो टनांचा डोंगर.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिस ठाण्यात, घर डोंबिवलीत, त्यामुळे दिवसातला बराचसा जीव लोकलमध्येच खर्च होतो. ऑफिसातले आम्ही चारपाच जण शनिवारी रात्री हा गेम खेळतो. नवीन भिडू आला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: इंजिन फुल्ल आहे, टाक्या भरलेल्या आहेत, तरी हा धोंडा हलत का नाही? खरं तर तो हलत असतो. वेगाचा आकडा दशांश चिन्हाच्या पलीकडे कुठेतरी सरकत असतो, आणि इंधनाचा काटा मात्र भराभर खाली येत असतो.

या प्रश्नाचं उत्तर १९०३ सालीच छापून आलं होतं. ते लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही रॉकेट उडवलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, बहुतेक काळ गणित आणि भौतिकशास्त्र, तेही अगदी कमी ऐकू येत असताना. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की हे त्यांचं नाव. जीभ अडखळते, पण चार वेळा म्हटलं की बसतं.

कान गेले, पुस्तकं आली

१७ सप्टेंबर १८५७ रोजी रशियातल्या र्‍याझान प्रांतात इझेव्स्कोये नावाच्या गावी त्यांचा जन्म झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावून तेव्हा चार वर्षं झाली होती. वडील जंगलखात्यात नोकरीला, घरात मुलं पुष्कळ आणि पैसा बेताचा. दहाव्या वर्षाच्या आसपास कॉन्स्तान्तिनला स्कार्लेट फीव्हर झाला. पोरगा वाचला, पण ऐकू येणं जवळजवळ गेलं. तेराव्या वर्षी आई गेली. वर्गात मास्तर काय बोलतायत ते कळेना, त्यामुळे शाळाही सुटली. मग वडिलांच्या कपाटातली गणिताची आणि निसर्गविज्ञानाची पुस्तकं काढून हा मुलगा एकट्यानेच शिकत बसला.

पोरगं हुशार आहे हे वडिलांनी ओळखलं आणि सोळाव्या वर्षी त्याला मॉस्कोला पाठवलं. कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. तीन वर्षं तो एका सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसत राहिला. तिथे निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे ग्रंथपाल होते. स्वतः मोठे विचारवंत. त्यांनी या मुलाला पुस्तकं काढून दिली, त्याच्याकडे लक्ष ठेवलं. घरून दरमहा जे थोडे रूबल यायचे, ते पुस्तकं, रसायनं आणि काचेच्या नळ्यांवर जायचे. पोटात फक्त काळी पाव-भाकर. वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला घरी बोलावून घेतलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये सुरू झालं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये. कॉलेज परवडत नाही, ग्रंथालय मात्र उघडं आहे, ही परिस्थिती आपल्याकडच्या किती जणांच्या आजोबांची होती ते घरी विचारून बघा.

मॉस्कोतल्या दिवसांत त्याला वाटलं की अवकाशात जायची युक्ती सापडली. एक बंद पेटी घ्यायची, आत दोन उलटे लवचीक लोलक, त्यांच्या टोकांना गोळे. गोळे फिरू लागले की केंद्रोत्सारी बलाने पेटी आपोआप वर उचलली जाईल. आनंदाने तो रात्रभर मॉस्कोच्या रस्त्यांवर भटकत राहिला. पहाटेपर्यंत त्याच्याच लक्षात आलं की पेटी जागच्या जागी थरथरेल, वर जाणार नाही. लोकलच्या डब्यात उभं राहून आतूनच भिंत ढकलली तर गाडी पुढे जाते का? तसंच हे. बाहेर काहीतरी फेकल्याशिवाय किंवा बाहेरच्या कशाला तरी रेटल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

गंमत म्हणजे गेममध्ये अशी पेटी चालते! फिजिक्स इंजिनमधल्या बगचा फायदा घेऊन लोक स्वतःलाच ढकलणारी यंत्रं बनवतात, त्यांना क्राकेन ड्राइव्ह म्हणतात. इंधन शून्य, वेग वाट्टेल तेवढा. सोळा-सतरा वर्षांच्या त्सिओल्कोव्स्कीने ते पाहिलं असतं तर तो हरखून गेला असता, आणि पहाटेपर्यंत त्याने बग शोधून काढला असता.

मास्तर

१८७९ मध्ये शिक्षकाची परीक्षा पास झाले, १८८० मध्ये बोरोव्स्क नावाच्या लहानशा गावात नोकरी मिळाली. त्याच वर्षी वार्वारा सोकोलोवाशी लग्न झालं. लग्नाच्या दिवशी चर्चपर्यंत दोघं पायी गेली आणि त्याच दिवशी नवरदेवाने शेजाऱ्याकडून एक लेथ विकत घेतलं, प्रयोगांसाठी. पुढची पंचावन्न वर्षं वार्वाराच्या वाट्याला काय येणार होतं, ते त्या एका दिवसात दिसतं.

बोरोव्स्कमध्ये बसून त्यांनी वायूंच्या गतीचा सिद्धांत स्वतःच्या डोक्याने मांडला आणि पीटर्सबर्गच्या विद्वान मंडळींना पाठवला. उत्तर आलं की हा शोध सुमारे पाव शतकापूर्वीच लागलेला आहे. आपण रात्रभर जागून कोड लिहावा आणि सकाळी कळावं की हीच लायब्ररी कधीपासून फुकट मिळते, त्यातलाच प्रकार. पण पीटर्सबर्गच्या लोकांना एवढं समजलं की गावाकडचा हा मास्तर साधा नाही.

१८९२ मध्ये बदली होऊन ते कालुगाला आले. ओका नदीकाठचं गाव, मॉस्कोच्या नैर्ऋत्येला. मग तिथेच राहिले, शेवटपर्यंत. ऐकण्यासाठी पत्र्याचे लांबलचक कर्णे स्वतः बनवून कानाला लावायचे. घरातच त्यांनी वाऱ्याचा बोगदा तयार केला, म्हणजे पंख्याने हवेचा झोत सोडून त्यात वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू ठेवायच्या आणि हवा किती अडवते ते मोजायचं. त्या कामाला रशियाच्या विज्ञान अकादमीने ४७० रूबल दिले. आयुष्यात त्या काळापर्यंत मिळालेली ही जवळजवळ एकमेव सरकारी मदत. खरं सांगायचं तर रॉकेटपेक्षा त्यांचा जास्त वेळ आणि पैसा धातूच्या फुग्यात, म्हणजे पूर्ण पत्र्याच्या विमान-फुग्यात गेला. त्यातून काही निघालं नाही.

तलावपाळीवरची होडी

रॉकेटची कल्पना आधीपासून मुरत होती. १८८३ मध्ये त्यांनी ‘मुक्त अवकाश’ नावाचं टिपण लिहिलं. जिथे हवा नाही, जमीन नाही, धरायला काही नाही, तिथे हालचाल कशी करायची? आपल्याजवळची वस्तू मागे फेकायची, आपण पुढे जातो.

ठाण्याच्या तलावपाळीवर होडीत बसला असाल तर कल्पना करा. वल्हं पाण्यात पडलंय. होडीत नारळांचा ढीग आहे. एक नारळ मागे जोरात फेकला की होडी किंचित पुढे सरकते. पाण्याचं घर्षण नसतं तर तो वेग तसाच टिकला असता आणि पुढच्या नारळाने त्यात भर पडली असती. आता मेख बघा. पहिला नारळ फेकताना उरलेल्या सगळ्या नारळांचं ओझंही होडीबरोबर ढकलावं लागतं. शेवटचा नारळ फेकताना होडी हलकी झालेली असते, म्हणून तोच नारळ जास्त वेग देतो. म्हणजे नारळ दुप्पट घेतले म्हणून वेग दुप्पट होत नाही. नारळच नारळांना वाहून नेत असतात.

ही बेरीज नीट मांडली की त्यातून लॉगॅरिदम बाहेर येतो. त्सिओल्कोव्स्कींच्या कागदावर या सूत्राशी १० मे १८९७ ही तारीख आहे. यानाच्या वेगात पडणारी भर म्हणजे मागे जाणाऱ्या झोताचा वेग गुणिले, सुरुवातीचं वजन भागिले शेवटचं वजन याचा नैसर्गिक लॉग. बस, एवढंच. यालाच आज रॉकेट समीकरण म्हणतात. (इंग्लंडमध्ये विल्यम मूर नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असं गणित केलं होतं, लष्करी रॉकेट्ससाठी. पण हे सूत्र धरून पृथ्वी सोडता येईल का, हा प्रश्न कालुगाच्या मास्तरांनी विचारला.)

लॉग किती दुष्ट असतो ते बघा. झोताच्या वेगाइतका वेग हवा असेल तर भरलेलं यान रिकाम्या यानाच्या २.७२ पट जड असावं लागतं. त्याच्या दुप्पट वेग हवा तर ७.३९ पट. तिप्पट हवा तर २० पट. म्हणून रॉकेट म्हणजे इंधनाची मोठी टाकी आणि टोकावर चिमूटभर सामान, असं दिसतं.

आता आपला धोंडा घ्या. समजा यान ५० टनांचं, त्यात ४० टन इंधन, आणि झोताचा वेग सेकंदाला ४.५ किलोमीटर, म्हणजे द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळून मिळतो तेवढा. एकटं यान असेल तर ५० भागिले १० म्हणजे ५, त्याचा लॉग १.६१. वेगात सेकंदाला सुमारे ७.२ किलोमीटरची भर. झकास! आता त्याच यानाने २,००० टनांचा लघुग्रह पकडला. हा काही फार मोठा नाही, साधारण १२ मीटर व्यासाचा, चार मजली बिल्डिंगएवढा. आता भागाकार होतो २,०५० भागिले २,०१०. उत्तर १.०२. त्याचा लॉग जवळजवळ ०.०२. तेवढंच इंधन, तेच इंजिन, आणि वेगात भर सेकंदाला फक्त ८९ मीटर. हाच दगड सेकंदाला १ किलोमीटरने ढकलायचा असेल तर सुमारे ५०० टन इंधन लागेल.

नवीन भिडू इथे मोठं इंजिन लावायला जातो. समीकरण परत वाचा. त्यात इंजिनाच्या ताकदीचा उल्लेखच नाही. मोठं इंजिन तेवढाच वेग लवकर देईल, जास्त देणार नाही. वर पंजा लघुग्रहाच्या वस्तुमानकेंद्राच्या रेषेत नसेल तर ते मोठं इंजिन धोंड्याला ढकलण्याऐवजी भोवऱ्यासारखं फिरवेल. आणि स्पेस इंजिनिअर्ससारख्या गेममध्ये तर लघुग्रह जागेवर खिळलेलेच असतात, तिथे वाट्टेल तेवढी इंजिनं लावा, उपयोग शून्य.

१९०२ आणि १९०३

समीकरण सापडलं आणि छापून आलं, यांच्यामध्ये सहा वर्षं गेली. त्या काळात घरात जे घडलं ते पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं. त्यांचा मोठा मुलगा इग्नाती मॉस्कोत शिकत होता, बापासारखाच गणितात तेज. १९०२ च्या डिसेंबरात त्याने आत्महत्या केली. पुढे काही महिन्यांनी, १९०३ मध्ये, ‘नाउच्नोये ओबोझ्रेनिये’ नावाच्या मासिकात बापाचा लेख आला. लेखाचा विषय, यंत्रांच्या साहाय्याने विश्वाच्या अवकाशाचा शोध. त्यात समीकरण होतं, द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनची सूचना होती, पृथ्वी सोडायला किती वेग लागेल याचा हिशेब होता. राइट बंधूंचं विमान उडायला अजून सातआठ महिने होते.

लेखाचं काय झालं? काही नाही. लेख छापला त्यानंतर थोड्याच दिवसांत मासिकाचे संपादक फिलिपोव्ह त्यांच्या प्रयोगशाळेत मेलेले आढळले, मासिक बंद पडलं, अंक फारसा कुणाच्या हाती लागला नाही. दुसरा भाग छापून यायला १९११ उजाडलं. दरम्यान १९०८ मध्ये ओका नदीला पूर आला आणि घरात पाणी शिरून मास्तरांची यंत्रं आणि कागद वाहून गेले. २६ जुलैचा पूर ज्यांनी कल्याण-डोंबिवलीत पाहिलाय, त्यांच्या घरात भिजलेल्या कागदांचा तो वास अजून आठवत असेल. १९११ मध्ये मुलगी ल्युबोव्हला क्रांतिकारकांशी संबंध म्हणून अटक झाली.

सात मुलांपैकी पाच मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. प्रत्येक चरित्रात मास्तरांच्या चिकाटीचं कौतुक असतं, ते मलाही आहे. पण पगारातला मोठा हिस्सा पत्रा, काच आणि स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकांवर जात असताना त्या घराची चूल वार्वाराने पेटती ठेवली, आणि तिच्या नावाचं कुठलंही समीकरण नाही.

आणखी एक गोष्ट कौतुकाच्या भरात गाळली जाते. त्सिओल्कोव्स्कींनी मानवजातीच्या भविष्यावरही खूप लिहिलं आणि त्यात परिपूर्ण माणसं घडवायची, अपूर्ण जीव पुढे वाढू द्यायचे नाहीत, असले विचार आहेत. लहानपणी ऐकणं गमावलेल्या माणसाने हे लिहावं हे मला अजूनही पचत नाही. त्यांचं समीकरण बरोबर आहे. हे विचार चूक आहेत. दोन्ही एकाच टेबलावर लिहिले गेले.

लघुग्रहांचं स्वप्न

मास्तर गोष्टीही लिहायचे. १८९५ च्या ‘पृथ्वी आणि आकाशाची स्वप्नं’ या पुस्तकात त्यांनी वाचकाला लघुग्रहांच्या पट्ट्यात नेलं. तिथे गुरुत्वाकर्षण इतकं कमी की लहान लघुग्रहावरून नुसती उडी मारून कायमचं बाहेर पडता येईल. पुढच्या लिखाणात त्यांनी माणसाच्या अवकाशातल्या वाटचालीचे टप्पे मांडले, त्यात लघुग्रहांवर जाऊन तिथली सामग्री वापरणं हा टप्पाही होता.

यातली शेवटची कल्पना गेममध्ये जशीच्या तशी आली आहे. लघुग्रहावर ड्रिल बसवायचं, त्यातलं खनिज काढून इंधन बनवायचं आणि तेच जाळून लघुग्रह ढकलायचा. समीकरणात काय बदलतं बघा. मघाशी दगडाचं सगळं वजन ओझं होतं, आता त्यातला काही भाग नारळ झाला. २,००० टनांतले ५०० टन खणून मागे फेकले, तर त्याच झोताने सेकंदाला सुमारे १.३ किलोमीटरचा वेग मिळतो. पृथ्वीवरून इंधनाचा एक थेंबही नेलेला नाही. प्रत्यक्षात दगडातून एवढं चांगलं इंधन निघणं अवघड आहे, पण दिशा हीच.

प्रत्यक्षात झालेला प्रयोगही याच वाटेने गेला, थोडा वेगळ्या प्रकारे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट हे यान डिमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डिमॉर्फोस साधारण १५० मीटर रुंद, वजन सुमारे ४३ लाख टन. डार्टचं वजन साधारण ५८० किलो, वेग सेकंदाला ६.१ किलोमीटर. कॅल्क्युलेटर काढा: नुसत्या धडकेने लघुग्रहाचा वेग सेकंदाला ०.८ मिलिमीटरने बदलायला हवा होता. बदलला २.७ मिलिमीटरने. जास्तीचं कुठून आलं? धडकेने दगडमातीचा फवारा उलट दिशेला उडाला आणि त्या फवाऱ्याने लघुग्रहाला ढकललं. काही क्षण तो धोंडाच रॉकेट झाला होता. डिमॉर्फोस ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता, ती फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली.

मिलिमीटर ऐकून हसू नका. समजा सेकंदाला १ सेंटिमीटर एवढाच धक्का दिला. मुंगीसुद्धा याहून जोरात चालते. दहा वर्षांत सरळ गुणाकाराने ३,१५० किलोमीटर होतात. धक्का कक्षेच्या दिशेने दिला असेल तर कक्षा लहान-मोठी होऊन हा फरक जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे ९,००० किलोमीटरच्या वर. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१. नेमकी टक्कर हुकली! पण हेच दहा दिवस आधी करायचं ठरवलं तर हजारपट मोठा धक्का लागेल, आणि तेवढे नारळ कुणाकडेच नाहीत. म्हणून लघुग्रहांपासून वाचण्याचं निम्मं काम दुर्बिणींचं आहे. जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा वाचली असेल तर आठवा. तिथेही सगळं यामुळे शक्य होतं की धूमकेतू वेळेत दिसतो.

लघुग्रहावरून एक मोठा दगड उचलून चंद्राजवळ आणायची नासाची योजनाही होती. गेममधला २०१४ चा अपडेट तिच्याच निमित्ताने आला होता. २०१७ मध्ये ती गुंडाळली गेली.

रॉकेटची आगगाडी

लॉगच्या कचाट्यातून सुटायचं कसं? १९२९ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, मास्तरांनी ‘अवकाशातल्या रॉकेट-आगगाड्या’ ही पुस्तिका काढली. एकच मोठं रॉकेट बांधण्याऐवजी अनेक रॉकेटं एकामागे एक जोडायची. पुढचं इंजिन आधी चालेल, त्याचं इंधन संपलं की ते सुटून बाजूला होईल, मग पुढच्याची पाळी. रिकाम्या टाकीचं ओझं पुढे न्यायचंच नाही.

नाशिककडे रेल्वेने गेला असाल तर कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं जोडली जातात. घाट चढेपर्यंत ती ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. पुढच्या सपाटीला त्यांचं ओझं कशाला? मास्तरांच्या गाडीत पुढचं इंजिन सुटायचं, आपल्याकडे मागचं सुटतं, हिशेब एकच. आजचं प्रत्येक मोठं रॉकेट टप्प्यांत सुटतं, आपलं पीएसएलव्हीसुद्धा. गेममध्ये स्पेसबार दाबला की जो टप्पा गळून पडतो, तोही हाच. लघुग्रह ओढायला निघालेल्या यानाने वाटेत रिकाम्या टाक्या फेकून दिल्या नाहीत तर तिथे पोचेपर्यंतच त्याची दमछाक होते.

म्हातारपणी दिवस पालटले. क्रांतीनंतर १९१९ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांना पकडून काही दिवस मॉस्कोच्या तुरुंगात ठेवलं होतं, आणि १९२१ मध्ये त्याच सरकारने तहहयात पेन्शन दिलं. जर्मनीत हेर्मान ओबेर्थ यांचं रॉकेटवरचं पुस्तक १९२३ मध्ये आलं, अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी १९२६ मध्ये द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा रशियाला आठवलं की आपल्याकडेही एक मास्तर आहेत. पंचाहत्तरीला सन्मान झाले. सोव्हिएत प्रचाराने मग त्यांना इतकं मोठं केलं की गोडार्ड आणि ओबेर्थ यांनी स्वतंत्रपणे केलेलं काम झाकलं गेलं. तिघांनाही एकमेकांचं काम आधी ठाऊक नव्हतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

१ मे १९३५ ला मॉस्कोच्या लाल चौकात रेडिओवरून त्यांचं रेकॉर्ड केलेलं भाषण वाजलं. जवळजवळ न ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज हजारो लोक ऐकत होते. त्याच वर्षी पोटाच्या कर्करोगाने, १९ सप्टेंबरला, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ते कालुगात गेले. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला तेव्हा त्यांच्या जन्माला शंभर वर्षं आणि सतरा दिवस झाले होते. १९५९ मध्ये ल्यूना ३ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे पहिले फोटो काढले, त्यात दिसलेल्या एका मोठ्या काळसर विवराला त्यांचं नाव मिळालं.

एक लघुग्रहही त्यांच्या नावाचा आहे, क्रमांक १५९०, त्सिओल्कोव्स्काया. १९३३ मध्ये क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेतून तो सापडला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतोय, पृथ्वीला त्याचा काही धोका नाही. तो काही किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या ५० टनांच्या यानाने पंजा रुतवून सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या, तरी वेगाच्या आकड्यात बराच वेळ नुसती शून्यंच दिसतील.